हन्नाबीचा घोट

जेवणं झाल्यावर टेबलावरचे ग्लास गोळा करता करता क्लोटिल्डा मध्येच थांबली आणि म्हणाली, “रूबेन, एक विचारू? तू नेहमी ग्लासात थोडं पाणी ठेवतोस. तुझी शिरापण ठेवते. इलाना नाही ठेवत. ही काय भानगड आहे?” वाक्य एवढंच. त्यात कुणाला धक्का बसावा असं काही नव्हतं. मस्कतजवळच्या सीबमध्ये, क्लोटिल्डाच्या फ्लॅटमध्ये एसी गुरगुरत होता, तिचा नवरा टेरेन्स सोफ्यावर अर्धा आडवा होऊन दातात अडकलेलं काहीतरी काडीनं शोधत होता, आणि बाहेर जूनमधला शुक्रवार इतका तापला होता की रस्त्यावर मांजरसुद्धा नव्हतं. रूबेन पुगावकरनं क्लोटिल्डाच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. तळाशी बोटभर पाणी होतं. असणारच. पन्नास वर्षांत स्वतःच्या ग्लासाचा कोरडा तळ त्यानं पाहिलेला नव्हता, आणि पाहिलेला नाही हेही त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आपली मान मागून कशी दिसते हे जसं माणसाला माहीत नसतं, तसं. “आमच्यात असतं,” तो म्हणाला. “धर्मात आहे तसं.” “प्रोटेस्टंटांत?” टेरेन्सनं काडी न काढता विचारलं. रूबेननं उत्तर द्यायच्या आत इलाना म्हणाली, “आमच्या पेणला नव्हतं हं असलं काही. ती ह्या पुगावकरांची खोड आहे.” ती अगदी सहज बोलली, आणि पुढं क्लोटिल्डाला तळायच्या फुग्यांच्या पिठाबद्दल काहीतरी विचारू लागली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षं तिला वाटत होतं की ही सासरची खोड आहे, आणि सोळा वर्षं त्याला वाटत होतं की इलाना धर्माच्या बाबतीत जरा ढिली आहे. दोघांनीही एकमेकांना बोलून दाखवलं नव्हतं. संसार सुखाचा चालला होता तो अशानंच.

दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपलाच ओठ जसा परक्याचा होतो, तसं त्याला आतून झालं. हे काही नवीन नव्हतं. हे त्याला लहानपणापासून अधूनमधून होत असे. त्याला घरचे शांत स्वभाव म्हणत, आणि त्याच शांत स्वभावावर अल् खुवैरमधल्या विमा कंपनीत त्याला दोनदा बढती मिळाली होती. मोटारींच्या दाव्यांचा तो साहेब होता. लोक गाडी ठोकून येत, रडत, ओरडत, देवाची शपथ घेत. रूबेन एवढंच विचारी, हा पोचा आजचा की आधीचा? आधीच्या पोच्याची भरपाई मिळत नाही. पोच्याच्या कडा बघितल्या की कळतं. नव्या पोच्याच्या कडेला रंग उडालेला असतो आणि पत्रा चकाकतो. जुन्याच्या कडेला धूळ धरलेली असते, आणि मालकाला तो पोचा इतका सवयीचा झालेला असतो की तो खरोखरच शपथेवर सांगतो, गाडी अशीच होती.

टेरेन्स आणि क्लोटिल्डा वसईचे कॅथलिक, आणि रूबेन हे नाव ऐकून त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं की हा अलिबागकडचा प्रोटेस्टंट. आपण यहुदी आहोत असं सांगून रूबेननं ते खोडलं नव्हतं. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही, असं त्याचं धोरण होतं, आणि मस्कतमध्ये अठरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. डुक्कर खात नाही त्याचं खापर त्यानं कोलेस्टेरॉलवर फोडलं होतं. “अठरा वर्षं तेवढंच कसं रे तुझं कोलेस्टेरॉल?” असं टेरेन्स दर नाताळला विचारी, आणि क्लोटिल्डा त्याच्यासाठी वेगळी कोंबडी करी. शिवाय या देशात शुक्रवार-शनिवारची सुट्टी. ठाण्याला डॅडींनी शनिवारच्या सुट्टीसाठी आयुष्यभर साहेब लोकांची मनधरणी केली, तापाची सर्टिफिकेटं दिली, नसलेल्या मावश्या मारल्या. इथं रूबेनला त्याचा शब्बाथ सरकारनं न मागता दिला होता. शुक्रवारी संध्याकाळी पडदे ओढून दिवा लावायचा, शनिवारी झोपायचं. शेजारचे म्हणायचे, पुगावकर फॅमिली घरकोंबडी आहे.

“अगं, हिनं तर प्यायलंच नाही,” क्लोटिल्डा म्हणाली. तिच्या हातात आता शिराचा ग्लास होता. घोट ठेवलेला नव्हता; ग्लास जवळजवळ भरलेला होता. अकरा वर्षांची शिरा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, आणि तिचे गाल रंगवल्यासारखे लाल होते. क्लोटिल्डानं तिच्या कपाळाला हात लावला आणि आईनं ऐकावं अशा आवाजात म्हणाली, “येशू, ही भाजतेय.” इलाना उठली. सकाळी जरासं कोमट वाटलं होतं, ती म्हणाली, उन्हाचं असेल म्हणून. दोन दिवस शू करताना दुखतं म्हणत होती, तीही गोष्ट मग तिथंच, यजमानांसमोर, बाहेर आली. रूबेननं गाडीची किल्ली घेतली. त्याला काळजी वाटायला हवी होती हे त्याला समजत होतं.

हायवेवर गाडीनं आपणहून फोन जोडून घेतला, आणि त्याला थांबवता यायच्या आत नाओमीचा आवाज चारी स्पीकरांतून भरला. इथून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येत नाही, म्हणून बहीण इस्रायलमधल्या अशदोदहून निरोप बोलून पाठवते. गेला आठवडाभर रोजच. इराणकडून क्षेपणास्त्रं येतात त्यांच्या वेळा नसतात, म्हणून निरोपांनाही नसतात. “रूबी, आम्ही ठीक आहोत रे. परवा सांगितलं तेच. त्या जाड भिंतींच्या खोलीत वरच्या मजल्यावरची म्हातारीपण येऊन बसते, तिचं कुत्रं माझ्या पायावर. आज काय झालं, भोंगा वाजला, सगळे आत, आणि आमच्या योआवनं सगळं पाणी संपवलेलं! गाढव! मी एवढी ओरडले त्याच्यावर, एवढी ओरडले, की ती म्हातारी मलाच गप्प करायला लागली. बाहेर आल्यावर नळाला पाणी होतं रे. धो धो होतं. मग मी कशाला ओरडले? जाऊ दे. तू काळजी करू नकोस. शिराला पापा.” गाडीत एसीचा आवाज उरला. इलानानं हात लांब करून आवाजाचं बटण फिरवलं, पण फिरवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. मागच्या सीटवर शिरा डोळे मिटून होती. परवाचा निरोपही असाच गाडीत वाजला होता, आणि त्याच्या आदल्या दिवशीचाही. मुलं झोपलेली दिसली की मोठ्यांना वाटतं, ती झोपलेली आहेत.

रस्त्याकडे बघता बघता रूबेनला आजी दिसली. साराबाय. ठाण्याच्या दोन खोल्यांत ती जेवणाच्या वेळी दाराशी पाटावर बसे, आणि प्रत्येकाच्या पेल्यावर तिची नजर असे. जेवणात मीठ कमी पडो, भात करपो, ती बोलत नसे. पेला उताणा झाला की मात्र तिचा हात यायचा. मारायला नाही. नुसता पेल्यावर यायचा, झाकण ठेवावं तसा. “शेवटचा घोट हन्नाबीचा,” ती म्हणे. “एलियाहू हन्नाबी कधीपण येतो. तहानलेला येतो.” सकाळी ती सगळ्यांचे घोट एका तांब्यात गोळा करी आणि गॅलरीतल्या जास्वंदीला घाली. जास्वंद कधी फुलली नाही. तिला पाणी जास्त होत असावं. मलिद्याला, पोहे-गूळ-खोबऱ्याच्या त्या ताटासमोर, सगळ्या बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांत, प्रेषित हन्नाबीचं नाव घेतात, तेव्हा घोटही सगळ्यांतच असणार, असं रूबेननं धरून चाललं होतं. आणि शिरा चार वर्षांची असताना एकदा तिनं पेला तोंडाला लावून उलटा केला, तेव्हा त्याचा हात आपोआप गेला होता. झाकण ठेवावं तसा. “हन्नाबीचा,” तो म्हणाला होता. “येतो तो. तहानलेला असतो.” त्याला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. परदेशात राहूनही पोरीला आपले संस्कार देतोय, असं.

मवालेहला जुन्या भाजीबाजाराजवळ बाबामियाँचं दुकान लागतं, तिथं इलाना म्हणाली, थांब, शहाळं घेऊ. बाबामियाँ रेवदंड्याचे. मस्कतमध्ये रूबेनची खरी ओळख माहीत असलेला तेवढा एकच माणूस, आणि त्यांनाही रूबेननं काही सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच भेटीत नाव ऐकून ते म्हणाले होते, “पुगावकर? म्हंजे शनवार तेली, शनवारी घाना बंद ठेवनारे. आमचे गावात तुमची चार घरां होती. मना सगला म्हाईत हाय. नि कुनाला सांगायचा नाय, ता पन म्हाईत हाय.” एवढं बोलून त्यांनी वांगी तोलली होती. आजही ते गल्ला सोडून गाडीपाशी आले, शिराकडे वाकून बघितलं आणि आत ओरडले, “यल्ला, दोन कवली शहाली आन!” मग रूबेनकडे वळून, आवाज न बदलता, “बहीन बरी हाय ना तिकडं?” “बरी आहे.” “बरी रवूदे. दोनी बाजूंची पोरां बरी रवूदेत. खलास. आपन काय करनार, आपन कांदे इकनार.” शिरानं खिडकीतून शहाळं घेतलं, नळीनं थोडं ओढलं आणि थांबली. आत पाणी डुचमळत होतं. “अगो पी की सगला,” बाबामियाँ म्हणाले. “शहाल्यात अर्धा कोन ठेवतो? आमचे घरात पेल्यात पानी रवला तर आमची म्हातारी चिमटा काढी. अल्लाची चीज टाकायची नाय.” शिरा त्यांच्याकडे बघून हसली, आणि शहाळं दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली. सांडू नये म्हणून तिनं नळीवर अंगठा दाबून धरला होता. गाडी निघाल्यावर आरशात रूबेनला तो अंगठा दिसत होता. पुढच्या गाडीकडे लक्ष जाऊ नये एवढा वेळ दिसत होता.

दवाखान्यात डॉक्टर अल्फियांनी लघवी तपासली, पाठीवर मुठीनं हळूच ठोकून पाहिलं, शिरा कळवळली. “इन्फेक्शन आहे, आणि किडनीपर्यंत चढायला लागलंय,” त्या हिंदी-इंग्रजीत म्हणाल्या. “पाणी किती पिते?” “पिते,” इलाना म्हणाली, “पण हल्ली...” “गोळ्या देते. पण गोळ्या निम्मं काम करतात. आज रात्रीतून हिनं भरपूर पाणी प्यायलं पाहिजे. सकाळी आणा. प्यायली नसेल तर मी ॲडमिट करणार, सलाईन लावणार. उशीर नको.” मग शिराकडे वाकून, “बेटा, पानी दवा है. पिओगी ना?” शिरानं मान हलवली. नीट वाढवलेली मुलं डॉक्टरांना नाही म्हणत नाहीत.

मान हलवणं तिनं बापाकडूनच घेतलं असणार. दोन वर्षं ऑफिसच्या पॅन्ट्रीत टीव्ही नाओमीच्या तिकडचं युद्धच दाखवत होता, आणि चहाचा कप हातात धरून लोक बोलत होते, आणि रूबेन मान हलवत होता. कुणी म्हणालं, हे राक्षस आहेत, तर हो. कुणी म्हणालं, दोघंही सारखेच, तर हो. एकदा एका बातमीत पाण्याच्या टँकरपुढं मुलांची रांग होती, हातात तेलाचे रिकामे कॅन. त्यातली एक मुलगी कॅनवर चढून पुढचं बघायचा प्रयत्न करत होती. ती बातमी तो घरी बघत होता, शिरा शेजारी गृहपाठ करत होती. त्यानं चॅनल बदलला. वाईट वाटलं म्हणून नव्हे. वाईट वाटायच्या आत हात आपोआप जातो, झाकण ठेवावं तसा. त्या लोकांचं दुःख त्याच्याने बघवत नव्हतं, नाओमीचं ऐकवत नव्हतं, आणि स्वतःच्या घराला काही दुःख आहे अशी त्याची समजूतच नव्हती. नाओमीनं एकदा त्याला जेरुसलेमचं, नाझींनी मारलेल्या यहुद्यांचं, ते मोठं संग्रहालय दाखवलं होतं. तिथून बाहेर आल्यावर दोघं बाकावर बसली, आणि नाओमी म्हणाली, “आपलं कुठं आहे रे ह्यात?” तेव्हा तो हसला होता. पुगावकरांच्या वाट्याला आलेलं युद्ध चुकीच्या बाजूनं आलं होतं. ते जपान्यांनी दिलं, आणि तेही यहुदी म्हणून नव्हे, रंगूनमध्ये राहता म्हणून. अशा दाव्याला कुठली खिडकी नसते.

घरात एवढंच माहीत होतं की आजोबा बर्मा रेल्वेत होते, बेचाळीस साली बाँब पडल्यावर सगळे चालत हिंदुस्थानात आले, आणि वाटेत डॅडींची धाकटी बहीण मिल्का ‘आजारानं गेली’. त्या दोन शब्दांपुढं कुणी गेलं नव्हतं. डॅडी मात्र त्यापुढं बोलले, एकदा, आणि तेही इथंच. रूबेनच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी ते मस्कतला आले होते, आणि निझव्याच्या रस्त्यावर गाडीचा टायर फुटला. स्टेपनी फुसकी निघाली. फोन करून मेकॅनिक यायचा होता. दोघं एका कातळाच्या सावलीत बसले; सावली कसली, कातळच भट्टीसारखा होता. भोवती नुसते उघडे डोंगर, गवताची काडी नाही. गाडीत पाण्याची एकच बाटली निघाली. रूबेननं ती त्यांना दिली, त्यांनी थोडं प्यायलं आणि खाली राहिलं ते ठेवलं. “प्या की डॅडी.” “नको.” बराच वेळ ते डोंगरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तिकडचे डोंगर हिरवे होते. एवढाच फरक.” कुठले, असं रूबेननं विचारलं. “तामूच्या वाटेवरचे, बर्मातून येताना. मी सात वर्षांचा होतो. मिल्का तीन. एके रात्री गेली ती. मला कळलं होतं. आईलापण कळलं असणार, आई होती. पण तिनं तिला पाठीला बांधलं आणि चालायला लागली. बाबा काही बोलले नाहीत. छागलीत पाणी थोडं होतं. थांबलो की सगळ्यांना एकेक घोट, आणि शेवटचा मिल्काचा. आई तिच्या ओठांना लावायची. बाहेर सांडायचा. गळ्याखाली कसा जाणार? मी बघायचो. हनुवटीवरून खाली जायचा, मातीत.” मेकॅनिक येईना. “तुम्ही मागितला नाहीत?” रूबेननं विचारलं. डॅडींनी त्याच्याकडे नवल वाटून बघितलं. “कुणाचा?” ते म्हणाले. “तिचा होता तो.” मग त्यांनी चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला, आणि मेकॅनिक मलयाळी आहे की पाकिस्तानी, असं विचारलं. पुढं दोन वर्षांनी ठाण्याला ते गेले, तेव्हा स्टुलावरच्या पेल्यात तळाशी बोटभर पाणी होतं. रूबेननं तेही पाहिलं होतं. त्याच्याकडं एका फाईलमध्ये मिल्का होती आणि दुसऱ्या फाईलमध्ये हन्नाबी होता, आणि दोन्ही फाइली वेगवेगळ्या कपाटांत होत्या. आज दुपारी क्लोटिल्डानं ग्लास उचलले आणि इलाना म्हणाली, आमच्या पेणला नव्हतं. आजीनं देवाच्या नावावर खपवलेला माल त्यानं अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हात एवढ्या लांब आणून, पोरीच्या हाती दिला होता. कडांवर धूळ धरलेली होती. बघायचं त्याचं काम होतं. पगार त्याचाच होता.

घरी आल्यावर इलानानं शिराचा बिछाना बदलायला घेतला, आणि चादर खाली पडली म्हणून वाकली, ती वाकलेलीच राहिली. मग तिनं हाक मारली. पलंगाखाली पाण्याच्या बाटल्या होत्या. शाळेची एक, पोहण्याची एक, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच. कुठं अर्धी, कुठं पाऊण. ओळीनं, भिंतीला टेकवून, बुचं घट्ट लावून. “शिरा, हे काय आहे गं?” शिरा दारात उभी होती. इंग्रजीत बोलली असती तर चटकन बोलली असती, पण पप्पा-मम्मी दोघं असं बघायला लागले की तिला मराठीत बोलायला लागतं असं तिला वाटे. “ही योआवची,” ती म्हणाली. “त्यानं सगळं फिनिश केलं ना. मग आत्यानं त्याला... मग त्याला कसं मिळणार?” “आणि ही?” “ही ती टीव्हीवर गर्ल होती ना, कॅनवाली. लाईनमध्ये. तिचा टर्न येतच नव्हता.” रूबेनला वाटलं होतं, त्यानं चॅनल वेळेत बदलला. “आणि ह्या बाकीच्या?” शिरानं खांदे उडवले. “त्या कुणाच्या ते नाही माहीत. जे येतील त्यांच्या.” इलाना उठली, तिनं गुडघे झटकले, आणि नवऱ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “बघ. तुमचा हन्नाबी आला. एकटा नाही आला.” ती चिडली असती तर बरं झालं असतं.

आजीनं घोट ठेवला, डॅडींनी घोट ठेवला, त्यानं घोट ठेवला. शिरानं अर्धी बाटली. कुठं थांबायचं ते मुलांना कळत नाही, कारण मोठ्यांनी का सुरू केलं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दिवे लागायची वेळ झाली होती. इलानानं पडदे ओढले, काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावली, डोळ्यांवरून हात फिरवला. रूबेननं मनुकांच्या सरबतावर किद्दुश, शब्बाथची प्रार्थना, म्हटली. त्याचा आवाज नेहमीसारखाच आला. सरबताच्या पेल्यातही तळाशी घोट उरला, आणि आज त्याला तो दिसला. शिरा सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती, पुढ्यात पाण्याचा भरलेला ग्लास. तिनं दोन घोट घेतले आणि ठेवला. इलाना म्हणाली, पी. शिरानं एक घोट घेतला. इलाना म्हणाली, शिरा, सकाळी सुई लावतील, मोठी. शिराचे डोळे भरले, पण हात ग्लासाकडे गेला नाही. भीतीनं मुलं ऐकतात असं म्हणतात. तिची भीती आधीच दुसरीकडं कामाला लागलेली होती.

रूबेन तिच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या हातात त्याचा स्वतःचा ग्लास होता, तळाशी बोटभर. सांगायचं म्हणजे कसं सांगायचं? एवढ्या लहान पोरीला मेलेलं मूल सांगतात का? पण न सांगता त्याच्या घरानं तीन पिढ्या काढल्या होत्या, आणि त्याचा निकाल पलंगाखाली ओळीनं उभा होता. “शिरा,” तो म्हणाला, “हन्नाबीचा घोट म्हणून काही नसतं.” इलानानं वर पाहिलं. “म्हणजे हन्नाबी असेल. पण घोट त्याचा नव्हता. तो मिल्काचा होता. मिल्का माझ्या डॅडींची छोटी बहीण. तीन वर्षांची. वॉर होतं, ते सगळे चालत होते, जंगलातून, खूप दिवस. आणि ती मेली.” “मेली,” शिरा म्हणाली. “हो. आणि मेल्यावरपण माझी आजी, तिची आई, तिला पाणी देत राहिली. शेवटचा घोट. रोज.” “पण ती मेली होती ना?” “हो.” “मग ते कुठं गेलं? पाणी?” “सांडलं.” शिरानं विचार केला. ती विचार करताना खालचा ओठ आत घेते, डॅडींसारखा. “आणि तुझे डॅडी?” “ते सात वर्षांचे होते. तिथंच होते.” “जिवंत?” “जिवंत.” “त्यांना थर्स्टी वाटत होतं?” “हो. खूप.” “मग त्यांनी मागितलं नाही?”

“नाही,” रूबेन म्हणाला.

शिरानं पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. एसी बंद झाला, पुन्हा सुरू झाला. दिव्याची वात तडतडली. मग ती जरा चिडूनच म्हणाली, एखाद्या मुलानं वर्गात सोपं उत्तर दिलं नाही की मुली चिडतात तशी, “मागायला पाहिजे होतं. हाऊ विल दे नो?”

रूबेन ग्लासाकडे बघत होता. तेवढ्यात तिनं पांघरुणातून हात बाहेर काढला. “पप्पा,” ती म्हणाली, “तुझा मला देशील?”

तिच्यापुढं तिचा स्वतःचा ग्लास भरलेला होता. ती त्याचा मागत होती. रूबेनचा हात ग्लासावर होता, झाकण ठेवावं तसा. तो केव्हा गेला ते त्याला कळलं नव्हतं. त्यानं तो उचलला. एकेक बोट उचलावं लागलं. ग्लास त्यानं तिला दिला, आणि तिनं तो दोन्ही हातांत धरला, डोकं मागं टाकलं आणि प्यायली. पाणी गळ्याखाली गेलं. जाताना दिसलं; गरम, लाल गळ्यावर एक लहानशी हालचाल, वरून खाली. हनुवटीवर काही आलं नाही. काही झालं नाही. कुणी दार ठोठावलं नाही, कुणी तहानलेलं आलं नाही, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता त्याची शिट्टी झाली. शिरानं तोंड पुसलं, आणि मग आपला ग्लास उचलून तोही प्यायला लागली, मध्ये श्वास घेत, नाक वाजवत, शेवटपर्यंत. रिकामा ग्लास तिनं त्याच्या रिकाम्या ग्लासात घातला आणि दोन्ही त्याच्याकडे दिले.

कोरड्या तळाला काहीतरी कोरलेलं होतं. बारीक अक्षरं होती, कुठल्या तरी कारखान्याची. एवढी वर्षं वापरातला ग्लास. वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा आतल्या खोलीत होता.

“अजून आहे?” शिरानं विचारलं.

होतं. स्वयंपाकघरात पाण्याचा मोठा बाटला उलटा लावलेला होता. तो नळ सोडून पहिला ग्लास भरत होता तेव्हा बाटल्यात एक बुडबुडा वर गेला, आणि त्याच वेळी त्याला आपली जीभ टाळूला चिकटल्याचं कळलं. ओठ त्याचाच होता. त्याला तहान लागली होती. ती आजची नव्हती.